ऑपेराच्या घरी फुलराणी

मुलाबाळांकडे परदेशी जाऊन आलेली मंडळी परतली, म्हणजे त्यांच्या सामानातून चॉकोलेटे निघतात आणि बोलण्यातून एखादा न मिटलेला वाद. आमच्या आळीतले एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी २०१७ साली शिकागोहून परतले ते असाच एक वाद घेऊन. त्यांच्या मुलाने हौसेने दोघांना तिथल्या भव्य ऑपेरागृहात नेले होते. प्राध्यापकांची समजूत अशी की, आता आपण इटालियन ऑपेरा ऐकणार. त्यासाठी त्यांनी कोटही इस्त्री करून घेतला होता. पडदा वर गेला आणि समोर आली ती लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी एक मुलगी. नाटक होते 'माय फेअर लेडी'.

"ऑपेरागृहात जाऊन नाटक पाहून आलो. म्हणजे गवयाकडे जावे आणि त्याने गोष्ट सांगून बोळवण करावी!" हे प्राध्यापकांचे म्हणणे. "अहो, पण ती आपली फुलराणीच की हो! मी तर सगळे न सांगता समजले," हे वहिनींचे म्हणणे. चहाचे दोन पेले होईपर्यंत हा वाद चालला. आम्ही पंच म्हणून बसलो होतो. परंतु निवाडा काही आम्हांस देता आला नाही. उलट घरी आल्यावर तोच विषय मनात घोळू लागला, कारण शिकागोच्या नि न्यूयॉर्क-लंडनच्या जाणत्या प्रेक्षकांतही नेमका हाच वाद कित्येक वर्षे चाललेला आहे.

वहिनींचे म्हणणे आधी घेऊ. बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलिअन' १९१३ साली व्हिएन्नात प्रथम रंगभूमीवर आले. त्याचे गाण्यांचे नाटक करण्यास शॉने हयातभर नकार दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १९५६ साली, लर्नर आणि लो या जोडीने 'माय फेअर लेडी' ब्रॉडवेवर आणले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' लिहिली, आणि भक्ती बर्वे यांची मंजू पाहिलेली माणसे अजूनही तिच्याविषयी बोलताना खुर्चीत पुढे सरकतात. मंजूचे जे स्वगत शाळेच्या स्नेहसंमेलनांतून पिढ्यान्‌पिढ्या मुली म्हणत आल्या, ते शॉच्या नाटकापेक्षा 'माय फेअर लेडी'मधल्या एका गाण्याशी अधिक जवळचे नाते सांगते. तेव्हा शिकागोत एलायझाने रागारागाने ते गाणे म्हणताच वहिनींनी जावेच्या मुलीला ओळखावे तसे ओळखले, यात नवल ते काय?

प्राध्यापकांचा राग समजून घ्यायला मात्र थोडे मागे जावे लागेल. शिकागोचे ते ऑपेरागृह नोव्हेंबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यावर अवघ्या काही दिवसांनी, 'आयडा' या ऑपेराने उघडले. आसने तेव्हा साडेतीन हजारांच्या घरात. तिथे नांदणारी लिरिक ऑपेरा ही संस्था १९५४ ची, आणि पहिल्याच वर्षी तिने मारिया कॅलास यांना आणून गाववाल्यांना वेड लावले. अशा घराने २०१३ पासून दर वसंतात एक ब्रॉडवेचे म्युझिकल करावयाचे असा परिपाठ घातला. 'ओक्लाहोमा', 'साउंड ऑफ म्युझिक', 'कॅरोसेल', 'किंग अँड आय', मग 'माय फेअर लेडी', असे एकामागून एक झाले. २०१८ साली तर 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या रॉक संगीताने त्याच भिंती दुमदुमल्या, आणि २०१९ साली 'वेस्ट साइड स्टोरी' झाले.

प्रेक्षकांत उघडच दोन तट पडले. एका तटात वर्षानुवर्षे ठरावीक खुर्चीवर बसणारे जुने वर्गणीदार. त्यांची पहिली हरकत ध्वनिक्षेपकाला. ऑपेरात गायक सत्तर-पंचाहत्तर वाद्यांच्या वरून, कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून, आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. याचसाठी तो आयुष्य झिजवतो आणि प्रेक्षक याचसाठी पैसे मोजतो. म्युझिकलचा गायक केसांत दडवलेल्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकातून बोलल्यासारखा गातो. त्यात शब्द स्वच्छ कळतात, पण आवाज गायकाच्या मुखातून न येता भिंतीतून आल्यासारखा वाटतो. १९९९ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने आपल्या प्रेक्षागृहात आवाजाला हात देणारी यंत्रणा बसवली, तेव्हा तिथे केवढी खळबळ माजली होती! याउलट, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लिमरग्लास महोत्सवात फ्रान्चेस्का झांबेलो यांनी २०११ पासून म्युझिकले सुरू केली ती यंत्राशिवाय. पण तिथे आसने जेमतेम नऊशे. साडेतीन हजारांच्या घरात फुलवालीचा संवाद यंत्राशिवाय कसा पोचावा?

दुसरा तट नव्या पाहुण्यांचा. त्या इमारतीची पायरी प्रथमच चढणारी कुटुंबे, हातात मुले, तोंडपाठ गाणी. या मंडळींना सर्वांत आवडले ते काय म्हणाल? वाद्यवृंद! हे वाचून आम्ही चकित झालो, पण विचार करता पटले. ब्रॉडवेवर वादकांची संख्या उतरत गेलेली आहे. २००३ साली वादकांनी तिथे चार दिवस संप केला, तो यंत्रसंगीताच्या धाकाविरुद्धच होता. तडजोडीत मोठ्या नाट्यगृहांतली किमान वादकसंख्या चोवीस-सव्वीसवरून अठरा-एकोणीसवर आली. ज्या गीतांची वाद्यरचना भरगच्च वाद्यमेळासाठी झालेली, ती ऑपेरागृहात मूळ रूपात ऐकायला मिळतात तेव्हा, पडदा उघडण्याआधीच्या वादनालाच टाळ्या पडतात. ज्या घरात आपण पाहुणे, तिथली भांडी आपल्या घरच्यापेक्षा मोठी, असा तो अनुभव.

आता एक गंमत. 'माय फेअर लेडी'तला प्राध्यापक हिगिन्स मुळी गातच नाही! १९५६ साली ही भूमिका रेक्स हॅरिसन यांच्यासाठी बेतली गेली आणि त्यांचा गळा गाण्याचा नव्हता, म्हणून सगळी पदे तालावर बोलायची अशी सोय झाली. शिकागोत तो परिपाठ रिचर्ड ई. ग्रँट या नटाने चालवला. म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी कोटाला इस्त्री करून जगातल्या एका मोठ्या ऑपेरागृहात जाऊन ऐकले ते न गाणाऱ्या प्राध्यापकाचे बोलणे. त्यांच्या दुःखाविषयी आम्हांस सहानुभूती आहे.

बरे, गळा तयारीचा असला म्हणजे भागते, असेही नाही. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९८४ साली आपल्या 'वेस्ट साइड स्टोरी'चे ध्वनिमुद्रण ऑपेराचे गायक घेऊन केले. न्यूयॉर्कच्या गल्लीतला अमेरिकन टोनी म्हणून स्पेनचे होसे कारेरास, आणि प्वेर्तो रिकोची मारिया म्हणून न्यूझीलंडच्या किरी ते कानावा! कारेरास यांचे स्पॅनिश वळणाचे उच्चार काही केल्या अमेरिकन होईनात, आणि खुद्द संगीतकार कपाळाला हात लावून बसला, तो प्रसंग चित्रफितीवर सर्वांनी पाहिलेला आहे. आवाज सोन्याचा, पण गल्लीतल्या पोराचा नव्हे. वाचकांस 'कट्यार काळजात घुसली' आठवेल. १९६७ च्या त्या नाटकात वसंतराव देशपांडे यांचा ख्यालाचा गळा खाँसाहेबांच्या भूमिकेला शोभला, कारण ते पात्रच गवयाचे होते. फुलवालीला तो गळा दिला असता तर?

स्टीव्हन साँडहाइम यांचे मत असे की, ऑपेरागृहात केले की ते ऑपेरा, नाट्यगृहात केले की ते म्युझिकल. भेद आहे तो पाहणाऱ्याच्या अपेक्षेत. त्यांचे 'स्वीनी टॉड' हे रक्तरंजित नाटक १९७९ साली ब्रॉडवेवर आले, आणि १९८४ साली ह्यूस्टन नि न्यूयॉर्कच्या ऑपेरा कंपन्यांनी ते आपलेसे केले. शिकागोत २००२ साली वेल्सचे ब्रिन टर्फेल हे त्यात उभे राहिले. साँडहाइम यांचे वाक्य हुशारीचे आहे. परंतु ते आम्हांस पुरते पटत नाही. अपेक्षा ही काही हवेत तयार होत नाही. ती खुर्चीवर बसून, वर्षानुवर्षे कान देऊन तयार होते, आणि तिच्यावर आघात झाला की माणसाला वेदना होते. तिला नुसता हट्ट म्हणणे बरे नव्हे.

पण लंडनची एक हकीकत आम्हांस या सगळ्या वादाहून मोलाची वाटते. २०१६ च्या वसंतात इंग्लिश नॅशनल ऑपेराने आपल्या कॉलिसिअम नाट्यगृहात 'सनसेट बुलेव्हार्ड' हे म्युझिकल केले. नॉर्मा डेझमंड या विस्मृतीत गेलेल्या चित्रपटतारकेच्या भूमिकेत हॉलिवूडच्या ग्लेन क्लोज. तिकिटे खपली ती त्यांच्या नावावर. खेळ सुरू असताना त्या आजारी पडल्या, इस्पितळात गेल्या. त्यांच्या जागी बदली नटी रिआ जोन्स उभ्या राहणार असे जाहीर झाले तेव्हा प्रेक्षागृहात नाराजीचे सूर उमटले, काही मंडळी उठून तिकिटाचे पैसे मागायला गेली. ऑपेराच्या प्रेक्षकाला बदली गायकाचे वावडे नसते. गळा बसणे हा तिथला नित्याचा व्यवहार आहे. नावाजलेल्या चेहऱ्यासाठी आलेला प्रेक्षक मात्र चेहरा नसला की फसवला गेल्यासारखा रागावतो. रिआ जोन्स गायल्या. याच नाटकाच्या अगदी पहिल्या खासगी प्रयोगात, १९९१ साली, नॉर्मा त्यांनीच गायिली होती, आणि पुढे ती भूमिका इतरांकडे गेली होती. पंचवीस वर्षांनी, जगाने विसरलेल्या नटीची भूमिका करावयास त्या अशा आल्या! शेवटी जे प्रेक्षक बसून राहिले होते, ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवीत होते. पैसे परत घेऊन गेलेल्यांची आम्हांस कीव येते.

त्याच इमारतीतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. ही म्युझिकले करण्यामागे संस्थेची आर्थिक ओढाताण होती. सरकारी अनुदान घटले होते, म्हणून नाट्यव्यवसायातल्या भागीदारांबरोबर वसंतात म्युझिकल करून गंगाजळी भरावयाची अशी योजना होती. आणि याच सुमारास तिथल्या समूहगायकांना सांगण्यात आले की, आता तुम्हांस वर्षाचे बारा महिने वेतन परवडणार नाही. त्यांनी मार्च महिन्यात एका ऑपेराच्या पहिल्या अंकात न गाण्याचे ठरवले. पुढे तडजोड झाली आणि नऊ महिन्यांच्या वेतनावर त्यांनी मान तुकवली. संगीत दिग्दर्शक मार्क विगल्सवर्थ यांनी त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला. वाद्यवृंदाला 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये रंगमंचावर मानाने बसवले होते, हेही खरे. पण ज्यांच्या गळ्यांवर ते घर उभे, त्यांच्या ताटातले तीन महिने गेले. शिकागोतही २०१८ च्या ऑक्टोबरात वादकांनी संप केला. तिथेही चौऱ्याहत्तर वादकांची संख्या घटवावी आणि कामाचे आठवडे कमी करावेत, हा वाद होता. ही काटछाट म्युझिकलांमुळेच झाली असे कोणी म्हणू नये, तसे आम्हीही म्हणत नाही. पण पाहुण्यासाठी पंगत वाढली म्हणून घरच्यांचे पोट भरतेच, असेही नाही.

बडोद्यात राहून हे लिहिताना आम्हांस थोडे संकोचल्यासारखेही होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला, म्हणून आमचे वाडवडील पहाटेपर्यंत बालगंधर्वांची पदे ऐकत बसले. तिकीटविक्रीची काळजी वाहण्यास दरबार होता. आमच्या हल्लीच्या मंडळाला दरबार नाही. गेल्या वर्षी कार्यकारिणीत 'सौभद्र' करावे की हसवणारे एखादे चुरचुरीत नाटक बोलवावे, यावर दोन बैठका झाल्या. 'सौभद्र'ला साठ माणसे येतील, त्यांतली चाळीस सत्तरीपुढची, असा हिशेब मांडला गेला. हसणाऱ्या नाटकाला नातवंडे येतील, जी घरी गुजराती-इंग्रजी बोलतात. आम्ही 'सौभद्र'च्या बाजूने मत दिले आणि हरलो. हसणाऱ्या नाटकाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून आम्ही हसलोही. मागच्या रांगेत एक चिमुरडी आईला प्रत्येक विनोदाचा अर्थ विचारीत होती, आणि आई हसू आवरून तो सांगत होती.

प्राध्यापक आणि वहिनी २०१९ च्या हिवाळ्यात पुन्हा शिकागोस गेले. मुलाने वडिलांचा रुसवा ध्यानात ठेवून या खेपेस तिकिटे काढली ती खऱ्या ऑपेराची, 'ला ट्राव्हियाटा'ची. भाषा इटालियन, रंगमंचाच्या वर इंग्रजी अक्षरे. परतल्यावर आम्ही मुद्दाम विचारावयास गेलो. प्राध्यापकांनी गायिकेच्या दमसासाची फार तारीफ केली. ते आत पुस्तक आणावयास गेले तेव्हा वहिनींनी हळूच सांगितले, की दुसऱ्या अंकात ते घोरत होते. आणि त्या स्वतः? "मी? अहो, शेवटी ती पोरगी खोकत खोकत मरते, आणि मरतानाही गाते. वर काय लिहिले होते ते मी वाचलेच नाही. डोळ्यांनी दिसत कुठे होते?"