बोटस्वेन आणि बोसन

गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. सकाळी पेपर वाचता वाचता मी कुणाविषयी तरी काहीतरी बोललो आणि त्यात 'एपिटोम' असा शब्द येऊन गेला. ती फिस्सकन हसली. "आजोबा, एपिटोम काय म्हणताय! एपिटमी!" मग सून हसली, मुलगा हसला, मीही हसून घेतले. पन्नास वर्षे हा शब्द मी 'होम', 'डोम' यांच्या चालीवर मनातल्या मनात म्हणत आलो होतो. मोठ्याने म्हणायची वेळ फारशी आली नाही, म्हणून चूक झाकून राहिली इतकेच.

नंतर डिक्शनरी काढून बसलो. हा शब्द मूळ ग्रीक. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांत शेवटचा 'ई' मुका नसतो. 'हायपरबली'चे तेच. त्याला मी कितीतरी वर्षे 'हायपरबोल' म्हणत होतो आणि मराठीच्या तासाला 'अतिशयोक्ती अलंकार म्हणजे इंग्रजीतला हायपरबोल' असे ठासून सांगत होतो! गंमत म्हणजे 'कॅटॅस्ट्रफी' आणि 'अपॉस्ट्रफी' मी बरोबर म्हणायचो. ते दोन्ही शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते. बाकीचे नुसते वाचले होते.

माझे म्हणणे आहे ते इथेच. इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकवणारा माणूस बहुतेक वेळा तो शब्द पुस्तकातून शिकलेला असतो. त्याच्या कानात तो कुणी घातलेला नसतो. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आमच्या पिढीचे सगळे इंग्रजी डोळ्यांवाटे आत गेले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि डिक्शनरी, एवढ्यावर आमची मदार. डिक्शनरीत अर्थ बघायचा आणि पुढची ती उलटीसुलटी चिन्हे सोडून द्यायची. अशा माणसाचा उच्चार जरूर सुधारावा, पण त्याला हसू नये.

याच्या उलट उदाहरण 'कर्नल'चे. आपल्याकडचा अडाणी माणूससुद्धा 'कर्नल' म्हणतो आणि अगदी बरोबर म्हणतो. गोंधळ होतो तो स्पेलिंग बघितलेल्याचा. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल! यात 'र' आहे कुठे? तर हा शब्द इंग्रजीत दोन रूपांनी वावरत होता, फ्रेंच वळणाचे 'कोरोनेल' आणि इटालियन वळणाचे 'कोलोनेल'. शेवटी लिहिण्यात इटालियन राहिले आणि बोलण्यात फ्रेंच. आपण तो कानाने घेतला, म्हणून वाचलो.

'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' तर चक्क पंडितांनी घुसवलेला. पूर्वी इंग्रज तो शब्द 'बी'शिवायच लिहीत. लॅटिनमध्ये 'डेबिटम' आहे, तेव्हा आपल्यातही 'बी' हवा, असे विद्वानांना वाटले. अन्नसामग्रीला 'व्हिटल्स' म्हणतात, त्यातल्या 'सी'चीही हीच कथा. बोलणाऱ्यांनी काही ऐकले नाही, ते आपले जुनेच म्हणत राहिले. मला हे वाचून फार बरे वाटले. चूक आमची एकट्याची नव्हती तर!

आणि आपणही फार शहाणे नाही हं. देवनागरीत लिहितो तसे वाचतो, असे आपण छातीठोकपणे सांगतो. मग 'सिंह' लिहून 'सिंव्ह' का म्हणतो? 'ब्राह्मण' लिहून 'ब्राम्हण' का? 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा', लिहायला एकच, पण म्हणून बघा. परक्या माणसाने मराठी नुसते पुस्तकावरून शिकले तर त्याची आपल्यापुढे जी गत होईल, तीच आमची इंग्रजांपुढे झाली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. १९७९ साली मी कोकणात एका बंदराच्या गावी हायस्कुलात होतो. माझे विषय मराठी आणि इतिहास, पण इंग्रजीचे शिक्षक टिकत नसत, म्हणून आठवीचे इंग्रजी माझ्या गळ्यात आले. अवांतर वाचनाच्या पुस्तकात समुद्रावरची एक गोष्ट होती. एक मुलगा उभा राहून वाचत होता. 'बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन' असा शब्द आला आणि तो 'बोसन' म्हणून पुढे गेला. मी थांबवले. म्हटले, "यातला टी कुठे गेला? डब्ल्यू कुठे गेला? समुद्रात पडला काय?" वर्ग खो खो हसला. तो म्हणाला, "सर, बाबा बोसनच म्हणतात." त्याचे वडील बोटीवर होते. मी म्हणालो, "बोटीवर खलाशी काही म्हणोत, शाळेत बोटस्वेन." आणि तीनदा त्याच्याकडून 'बोटस्वेन' म्हणवून घेतले. मग सगळ्या वर्गाकडून.

निवृत्तीनंतर मुलाने मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी आणून दिली. दुसराच कुठला तरी शब्द शोधताना हा दिसला. उच्चार 'बोसन'. इतकेच नव्हे, 'बी-ओ-एस-यू-एन' असे स्पेलिंगही त्यात दिलेले. पान उघडे ठेवून मी बराच वेळ बसलो. जहाजाच्या डेकवरचा मुकादम म्हणजे बोसन. आपले खलाशी त्यालाच सारंग म्हणत. वाऱ्यापावसात हाका मारून मारून खलाशांनीच तो शब्द झिजवला. सुकाणू धरणारा 'कॉक्सन', जहाजाच्या पुढच्या भागातला 'फोकसल', हेही असेच झिजलेले, आणि स्पेलिंगे मात्र किनाऱ्यावर धडधाकट राहिलेली. म्हणजे त्या शब्दावर सगळ्यांत जास्त हक्क कुणाचा असेल तर त्या मुलाच्या वडिलांचा. माझा तर मुळीच नव्हता.

मला उच्चार माहीत नव्हता याचे फारसे वाईट वाटत नाही. पण मुलगा पुरावा देत होता आणि मी तो ऐकला नाही. शिक्षकांच्या खोलीत कपाटात डिक्शनरी होती. ती चिन्हे मला नीट लागली नसती, तरी इतके सरळ स्पेलिंग आणि इतका तोकडा उच्चार, काहीतरी वेगळे आहे एवढे नक्की कळले असते. मधल्या सुट्टीत दहा पावले चालून मी ती उघडली नाही. माझी नात मला हसली, पण तिने आधी मोबाईलवर तो शब्द मला दोनदा ऐकवला, एकदा इंग्रजी बाईच्या आवाजात आणि एकदा अमेरिकन बाप्याच्या. हसण्याआधी तिने खात्री करून घेतली होती, असे नंतर तीच म्हणाली.

तो मुलगा दहावीनंतर वडिलांच्या ओळखीने बोटीवर लागला, असे बदली होऊन आल्यावर कानावर आले. पुढे भेट झाली नाही. आता तोही साठीच्या आसपास असेल.