चांगली आई कोण, हे सरकार ठरवू लागतं तेव्हा



हुकूमशाही म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लष्करी गणवेश, रणगाडे आणि रातोरात झालेली धरपकड येते. वंशसंहार म्हटलं की छळछावण्या आणि विषारी वायूच्या कोठड्या येतात. या दोन चित्रांच्या मधली वर्षं मात्र सहसा कुणी दाखवत नाही. त्या वर्षांत लोक नोकरीवर जात होते, लग्नं ठरत होती, बाळंतपणं होत होती, बायकांच्या मंडळांच्या सभाही भरत होत्या. संहाराची तयारी याच रोजच्या जगण्यात झाली. तिचा फार मोठा भाग बायकांच्या संसारातून आणि गर्भाशयातून गेला. म्हणून हिटलरच्या जर्मनीची सर्वांना माहीत असलेली गोष्ट या वेळी बायकांच्या बाजूने तपासून पाहू या.

आपल्या बैठकांमध्ये अधूनमधून एक प्रश्न निघतो. आपण बायकांच्या प्रश्नांवर काम करतो, राजकारणात कशाला पडायचं? प्रश्न प्रामाणिक असतो. जर्मनीतल्या स्त्री-संघटनांनाही तो पडला होता आणि त्यांनी त्याचं एक उत्तर देऊन पाहिलं होतं.

जर्मनीत स्त्रियांना १९१८ साली मताधिकार मिळाला. १९१९च्या घटना समितीत ३७ स्त्रिया निवडून आल्या. त्या काळी जगात हे फार मोठं पाऊल होतं. ८ मार्चच्या निमित्ताने आपण जिचं नाव दरवर्षी घेतो ती क्लारा झेटकिन तिथल्या संसदेची सदस्य होती. ३० ऑगस्ट १९३२ रोजी सर्वांत वयोवृद्ध सदस्य या नात्याने तिने नव्या संसदेचं उद्‌घाटन केलं. वय ७५, प्रकृती ढासळलेली, दृष्टी गेल्यात जमा. समोर नाझी पक्षाचे सदस्य गणवेशात बसलेले. तिने फॅसिझमविरुद्ध सर्व कष्टकऱ्यांनी एक व्हावं अशी हाक दिली. पण डाव्यांचे दोन मोठे पक्ष एकमेकांनाच शत्रू मानत होते. त्यात तिचा स्वतःचा पक्षही होता. एकजूट झाली नाही.

आणि नाझींना स्पष्ट बहुमत होतं म्हणावं, तर तेही नाही. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत त्यांची मतं घटून ३३ टक्क्यांवर आली होती. तरी ३० जानेवारी १९३३ला हिटलर पंतप्रधान झाला, कारण राष्ट्राध्यक्षांच्या भोवतालच्या बड्या मंडळींना वाटलं, की याला आपण ताब्यात ठेवू. त्यानंतरचे साडेपाच महिने तारखांनिशी पाहण्यासारखे आहेत. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, वृत्तपत्रं यांचं स्वातंत्र्य गेलं. २२ मार्चला दाखाऊची छावणी सुरू झाली. २३ मार्चला संसदेने आपले कायदे करण्याचे अधिकार सरकारच्या हाती देऊन टाकले. बाजूने ४४४ मतं, विरोधात ९४. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा भूमिगत होते. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. ७ एप्रिलला ज्यू आणि विरोधक यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. १० मे रोजी चौकाचौकांत पुस्तकांच्या होळ्या. १४ जुलैला एक सोडून बाकी सारे पक्ष बेकायदा. यातलं बहुतेक सगळं कागदोपत्री रीतसर झालं. सह्या होत्या, शिक्के होते, राजपत्रात छापलेलं होतं.

या धामधुमीत स्त्री-संघटनांचं काय झालं? १८९४ साली स्थापन झालेला जर्मन स्त्री-संघटनांचा महासंघ ही तिथल्या चळवळीची सर्वांत मोठी छत्री होती. आम्ही पक्षीय राजकारणापलीकडे आहोत, अशी त्याची भूमिका. मे १९३३मध्ये त्याला सांगण्यात आलं, की नव्या राजवटीशी जुळवून घ्या आणि ज्यू स्त्रियांना बाहेर काढा. बेर्था पाप्पेनहाइमने १९०४ साली उभी केलेली ज्यू स्त्रियांची संघटना या महासंघाची जुनी सभासद होती. ती बाहेर पडली. महासंघाने नवी अट स्वीकारण्याऐवजी स्वतःचं विसर्जन केलं. काही जणी याला मानाने घेतलेला निरोप म्हणतात. असेलही. पण रस्त्यावर निषेध झाला नाही, आणि आपल्या ज्यू मैत्रिणींच्या पाठीशी संघटना म्हणून कुणी उभं राहिलं नाही. राजकारणाबाहेर राहायचं ठरवलेली संघटना राजकारणाने चार महिन्यांत संपवली. पुढच्याच वर्षी गेरट्रूड शोल्ट्स-क्लिंक या बाईंना साऱ्या राष्ट्राच्या ‘महिला नेत्या’ म्हणून नेमलं गेलं. पद मोठं होतं, निर्णयाचा अधिकार मात्र नव्हता. नाझी पक्षाने संसदेत एकही स्त्री पाठवली नाही.

मग बायका गप्प का राहिल्या? सगळ्याच काही भीतीपोटी गप्प नव्हत्या. अनेकींना काहीतरी मिळत होतं. जून १९३३मध्ये लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली. अट अशी, की बायकोने नोकरी सोडायची. कर्ज नवऱ्याच्या हाती. प्रत्येक मुलामागे चौथा हिस्सा माफ. बेकारीने गांजलेल्या देशात ही योजना लोकांना आवडली. डिसेंबर १९३८मध्ये मातांसाठी पदकं आली. चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण. आईपणाचा एवढा सरकारी गौरव पूर्वी कधी झाला नव्हता. त्याच सरकारने १९३६ साली स्त्रियांना न्यायाधीश आणि वकील होण्याची दारं बंद केली आणि १९३८मध्ये मूल होऊ न देणं हे घटस्फोटाचं कारण ठरवलं. हे सगळं पदकाच्या झगमगाटात झाकून गेलं.

पण या गौरवाला एक दुसरी बाजू होती आणि ती पहिल्या दिवसापासून कायद्यात लिहिलेली होती. कर्ज आणि पदक ‘योग्य’ रक्ताच्या, ‘निरोगी’ कुळातल्या बाईलाच. १४ जुलै १९३३ला, विरोधी पक्ष बेकायदा ठरवले त्याच दिवशी, सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंजूर झाला. मतिमंद, मनोरुग्ण, फेफरं येणारे, जन्मतः आंधळे-बहिरे अशी यादी केली गेली. ‘मतिमंद’ या शब्दात गरीब, घरकाम न जमणारी, लग्नाशिवाय मूल झालेली बाई सहज बसवता येई. या राजवटीत सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. शस्त्रक्रियेत दगावलेल्यांत मात्र बहुसंख्य स्त्रियाच होत्या. एकीला मूल झालं म्हणून पदक आणि दुसरीला मूल होऊ नये म्हणून चाकू. ही एकाच धोरणाची दोन टोकं होती. पुढे १९४३मध्ये जर्मन बाईचे गर्भपात सातत्याने करणाऱ्याला देहान्तापर्यंत शिक्षा ठेवली गेली. पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून मजुरीला आणलेल्या बायकांवर त्याच काळात गर्भपात लादले जात होते.

यातला शास्त्राचा वाटा आपल्याला परका नाही. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्राचा अभ्यास करत होत्या. कवट्यांच्या दोन बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही असं आपल्या प्रबंधात मांडलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, एका तरुण विद्यार्थिनीने हे लिहिलं याचं मोल मोठं आहे. फिशर मात्र आपल्या वाटेने गेले. १९३३मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. आफ्रिकी वंशाचे सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांच्या सुमारे ४०० मुलांची १९३७ साली गुपचूप नसबंदी केली गेली, तेव्हा त्यांच्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी अभिप्राय पुरवले. मोजपट्टी तीच. प्रश्न असतो, मोजून जे दिसलं ते लिहायचं, की जे हवं ते.

ज्यूंची संख्या १९३३ साली जर्मनीच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. तरी त्यांच्यामुळे देश बुडतो असं रोज सांगितलं गेलं. सप्टेंबर १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आणि ज्यू व जर्मन यांच्यातले विवाह आणि शरीरसंबंध गुन्हा ठरवले. ४५ वर्षांखालच्या जर्मन बाईला ज्यूच्या घरी घरकाम करायचीही बंदी झाली. समाजात भिंत घालायची तर पहिली वीट बाईच्या शरीरावर ठेवली जाते, हे इथे अगदी उघड दिसतं. ‘आपल्या’ बाईचं रक्षण हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर १९३८मध्ये प्रार्थनामंदिरं जळाली, दुकानं फुटली. १९३९पासून अपंग आणि मनोरुग्णांना इस्पितळांतच मारणं सुरू झालं. ऑगस्ट १९४१पर्यंत वायूच्या कोठड्यांत ७० हजारांवर बळी गेले. या कामात डॉक्टर होते, परिचारिका होत्या. हेच तंत्र आणि त्यातलीच काही माणसं पुढे पोलंडमधल्या मृत्युछावण्यांत गेली. हॅम्बुर्गसारख्या शहरांत ज्यूंच्या घरांतलं सामान लिलावात निघालं आणि गृहिणींनी ते स्वस्तात घेतलं. पलंगपोस, भांडी, शिवणयंत्रं. कुणाची ती, हे विचारायची गरज वाटली नाही. एकूण सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. रोमा आणि सिंती या भटक्या समाजांतलीही लाखो माणसं मारली गेली. आउशविट्झच्या फलाटावर लहान मूल कडेवर असलेल्या आईला थेट वायूच्या कोठडीकडे पाठवत. आईपणाला सोन्याचं पदक देणाऱ्या राज्याने आईपण हीच मरणाची खूण ठरवली.

मे १९३९मध्ये उघडलेल्या राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीत पुढच्या सहा वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास स्त्रिया डांबल्या गेल्या. तिथे पहारा करणाऱ्याही स्त्रियाच होत्या. म्हणून ‘बाई मुळातच दयाळू असते’ या वाक्यावर विसंबून चालत नाही. बाई सत्तेची बळी असते, तशी वाटेकरीही होऊ शकते. पण त्याच काळात बर्लिनच्या रोझेनस्ट्रासे या रस्त्यावर वेगळंही घडलं. २७ फेब्रुवारी १९४३पासून सुरू झालेल्या धरपकडीत ज्यू नवऱ्यांना इथे एका इमारतीत कोंडलं होतं. त्यांच्या जर्मन बायका दारासमोर जमल्या. दिवसामागून दिवस थंडीत उभ्या राहून नवरे परत मागत राहिल्या. बहुतेक जण सुटले. ते निदर्शनांमुळेच सुटले का, यावर इतिहासकारांत वाद आहे. बायका गोळी खाण्याची तयारी ठेवून तिथे उभ्या होत्या, यावर वाद नाही. मात्र ही दहा वर्षांनंतरची गोष्ट होती. १९३३च्या एप्रिलमध्ये उभं राहणं किती सोपं गेलं असतं!

हे युरोपात एकदा घडून संपलं, असंही नाही. रवांडामध्ये डिसेंबर १९९०मध्ये एका नियतकालिकाने हुतू पुरुषांसाठी ‘दहा आज्ञा’ छापल्या. त्यांतली पहिलीच तुत्सी स्त्रीविषयी होती. तिच्याशी लग्न करणारा, तिला मैत्रीण करणारा किंवा कामावर ठेवणारा तो देशद्रोही. १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली आणि स्त्रियांवर अगणित बलात्कार झाले. कुटुंब आणि स्त्रीविकास खात्याची मंत्री असलेल्या पोलिन न्यिरामासुहुको या बाईला या संहारासाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं. त्याच न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ला आकायेसू खटल्यात बलात्कार हे वंशसंहाराचं साधन असू शकतं असा निकाल प्रथमच दिला. त्या न्यायपीठावर नवनीतम पिल्लै ही एकच स्त्री होती. साक्षीदार बायकांनी तोंड उघडलं आणि ऐकणारी एक बाई तिथे होती, म्हणून हा निकाल लागला.

मैत्रिणींनो, प्रत्येक कडक सरकार वंशसंहार करतं असं आमचं म्हणणं नाही. पण जिथे जिथे तो झाला तिथे आधी विरोधकांचं तोंड बंद झालं होतं, न्यायालयं आणि वृत्तपत्रं वाकली होती, माणसांच्या याद्या झाल्या होत्या आणि कुणी कुणाशी लग्न करावं, कुणी किती मुलं जन्माला घालावीत, हे सत्ता ठरवू लागली होती. यातली शेवटची गोष्ट तर आपल्या कामाचा गाभा आहे. तेव्हा बाईच्या सन्मानाची योजना आली, की ती कुणाला मिळणार नाही हे आधी विचारू या. ‘आपल्या लेकीबाळींच्या रक्षणासाठी’ कायदा आला, की तो कुणाविरुद्ध आहे हे पाहू या. एखाद्या समाजाच्या बायका फार मुलं जन्माला घालतात असं कुणी बोललं, तर तो विनोद म्हणून सोडून देऊ नये.

आणि मे १९३३मधला तो प्रसंग लक्षात ठेवू या. आपल्या सभासदांच्या वहीतून काही नावं खोडा, मग तुमचं काम सुखाने चालू ठेवा, असं कुणी सांगितलं तर आपण काय करणार? हे उत्तर तशी वेळ आल्यावर शोधून सापडत नाही. ते आजच, सगळ्याजणी एकत्र असताना, पुढच्या बैठकीत ठरवून ठेवू या.

— संपादक गट