अंगठीतला हिरा आणि मध्यमवर्गाचा खिसा

जगातील नामांकित हिऱ्यांच्या यादीत एका हिऱ्याला नाशिकचे नाव आहे. ‘नासक’ या नावाने तो ओळखला जातो. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा १८१८ साली पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला, लुटीचा माल म्हणून लंडनला गेला आणि तेथील रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांच्या पेढीने तो विकत घेतला. त्या वेळी त्याचे वजन नव्वद कॅरटांच्या आसपास होते. पेढीने त्याला नव्याने पैलू पाडले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरांच्या घरात आले. पुढे १९४० साली तो हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याकडे गेला. त्याने पुन्हा पैलू पाडून घेतले, तेव्हा उरले ४३.३८ कॅरट. म्हणजे मूळ दगडाचा निम्म्याहून अधिक भाग भुकटी होऊन गेला. आपली एक अमोल वस्तू परदेशी गेली याची हळहळ नाशिककरांना वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु या कहाणीत दुसरीही एक गोष्ट आहे. जुन्या भारतीय कारागिराने दगडाचे वजन राखण्यावर भर दिला होता; नंतरच्यांनी वजनावर पाणी सोडले आणि तेज मिळवले. हिऱ्याच्या व्यवहारातील सगळे शहाणपण या एका वाक्यात सामावलेले आहे आणि आज साखरपुड्याची अंगठी घ्यावयास निघालेल्या साध्या कुटुंबाला ते सांगण्याची वेळ आली आहे.

गोदावरीला पूर आला की ज्या बाजारात पाणी शिरते, त्या नाशिकच्या सराफ बाजारात लग्नसराईच्या दिवसांत पूर्वी गर्दी असे ती सोन्याच्या गिऱ्हाइकांची. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची सीमा ओलांडली आणि मध्यमवर्गीय गृहस्थाचे सारे हिशेब कोलमडले. चार तोळ्यांचा बेत दोन तोळ्यांवर आला. जे सोन्यात साधत नाही ते हिऱ्यात साधावे, असा विचार अनेक घरांत होऊ लागला तर नवल नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील तरुण अभियंता किंवा एखादी शिक्षिका आपल्या भावी जोडीदारासाठी गोल हिऱ्याची अंगठी घेऊ पाहते, तेव्हा तिच्या मागे काही महिन्यांची बचत असते आणि पुढे मंगल कार्यालयाचे, आहेराचे व जेवणावळीचे खर्च उभे असतात. अशा वेळी केलेली चूक श्रीमंताच्या चुकीसारखी विसरली जात नाही. ती हप्त्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे घरात राहते.

ही प्रथा आपल्याकडे फार जुनी नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वाङ्‌निश्चयाला दिल्या शब्दाचे महत्त्व होते आणि साखरपुड्याला साखरेच्या पुड्याचे. अंगठी आली ती मागाहून आणि तिच्यातील हिरा त्याहूनही मागाहून. पाश्चात्त्य देशांतही वाग्दानाच्या अंगठीत हिरा असलाच पाहिजे ही समजूत सर्वसामान्यांत रुजवली ती मुख्यतः डी बिअर्स या कंपनीच्या जाहिरातींनी. प्रेमाचे चिरंतनत्व आणि हिऱ्याचे चिरंतनत्व यांची सांगड घालणारे तिचे प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ सालचे आहे. दोन महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा, हा दंडकदेखील कोणत्या स्मृतिग्रंथातला नव्हे, जाहिरातीतलाच. म्हणून अंगठी घेऊच नये असे कोणी म्हणणार नाही. आयुष्याच्या एका मोठ्या निर्णयाची खूण म्हणून सुंदर वस्तू द्यावी, ही इच्छा आदरणीयच आहे. पण तिच्यावर किती खर्च करावा हे जाहिरातीने ठरवावयाचे नसून घरातील जमाखर्चाने ठरवावयाचे असते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आकडा ठरलेला असणे, ही हिऱ्याच्या खरेदीतील पहिली आणि सर्वांत स्वस्त खबरदारी होय.

अडचण अशी की, सोन्याच्या बाबतीत आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्यांचे जे ज्ञान आहे ते हिऱ्याच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. उलट घात करते. सोन्याला रोजचा भाव असतो. घडणावळ किती, घट किती, मोड द्यावयाची झाली तर हाती काय येईल, हे घरातील आजीसुद्धा बोटांवर सांगू शकते. हिऱ्याला असा जाहीर भाव नाही. सारख्याच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो आणि विकावयास गेल्यावर दिलेल्या किमतीचा पुष्कळ भाग परत येत नाही. ‘कॅरट’ हा शब्दही दोन्हीकडे दोन अर्थांनी वापरला जातो. सोन्यात तो शुद्धतेचे प्रमाण सांगतो, हिऱ्यात वजन. आणि हे वजन म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा भाग. तेव्हा हिरा ही गुंतवणूक आहे असे जो सांगेल त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. अंगठीतील हिरा हा अलंकार आहे. त्याचा मोबदला तो बोटावर असताना मिळतो, मोडताना नव्हे.

अलंकार म्हणून विचार केला की प्रश्न सोपा होतो: हिरा चमकतो कशाने? वजनाने नव्हे, घडणीने. आजच्या गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात. खालचे टोक किंचित घासले असेल तर ५८. त्यांच्या कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडले. हिऱ्यात शिरलेला प्रकाश खालच्या उतरत्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच्या बाजूने डोळ्यांकडे परत आला तर हिरा जिवंत दिसतो. हे कोन थोडे चुकले की प्रकाश खालून किंवा बाजूने निसटतो. दगड फार खोल ठेवला तर मध्यभाग काळवंडलेला दिसतो, फार उथळ ठेवला तर निस्तेज. खोल दगड ठेवण्यात कारागिराचा स्वार्थ असा की, कच्च्या हिऱ्यातील वजन कमी झिजते आणि हिरा विकला जातो तो कॅरटवर. गिऱ्हाईक मात्र वरून न दिसणाऱ्या, पोटात दडलेल्या वजनाचे पैसे मोजते. नासक हिऱ्याचीच गोष्ट येथे लहान प्रमाणावर पुन्हा घडत असते.

यातूनच काटकसरीचा मार्ग निघतो. चार गुणांपैकी, म्हणजे घडण, वजन, रंग आणि निर्दोषता यांपैकी, घडणीत तडजोड करू नये; बाकी तिहींत खुशाल करावी. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही १९३१ साली स्थापन झालेली संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या घडणीची श्रेणी आपल्या अहवालात देऊ लागली. तीत ‘एक्सलंट’ ही सर्वांत वरची श्रेणी आहे आणि गिऱ्हाइकाने तीच मागावी. वजनाच्या बाबतीत पूर्णांकांचा मोह टाळावा. अर्धा कॅरट, एक कॅरट या टप्प्यांवर किंमत एकदम उडी घेते. एक कॅरटचा चांगला घडलेला गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, नव्वद सेंटचा सव्वासहाच्या आसपास. हा पाव मिलिमीटरचा फरक बोटावर कोणाला दिसणार? पण तो पावतीवर ठळक दिसतो. खोल घडणीचा मोठा हिरा आणि चांगल्या घडणीचा त्याहून हलका हिरा वरून सारख्याच रुंदीचे दिसू शकतात, हेही लक्षात असावे.

रंगाची श्रेणी इंग्रजी ‘डी’ अक्षरापासून सुरू होते आणि ‘झेड’कडे पिवळसरपणा वाढत जातो. अंगठी पिवळ्या सोन्याची असेल तर ‘आय’, ‘जे’ अथवा ‘के’ रंगातली किंचित पिवळी झाक सोन्याच्याच रंगात मिसळून जाते; तेथे ‘डी’साठी पैसे मोजणे म्हणजे दिवाळीच्या रोषणाईत आणखी एक पणती विकत घेणे. निर्दोषतेचेही तसेच. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेचा विचार आहे आणि काकपद, माशी, केस अशा खुणांनी दगडातले दोष तेथे सांगितलेले आहेत. आज हे दोष दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मोजले जातात. पण अंगठी पाहणारे पाहुणे भिंग घेऊन येत नसतात. ‘व्हीएस टू’ किंवा निवडून घेतलेला ‘एसआय वन’ श्रेणीचा हिरा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर त्यावर समाधान मानावे. मध्यभागी काळा ठिपका किंवा कडेला पोहोचलेली चीर मात्र नसावी.

परीक्षा दुकानातील दिव्यांखाली करू नये. त्या झगमगाटात काचही चमकते. हिरा दाराशी, दिवसाच्या उजेडात न्यावा, हाताच्या सावलीत धरून पाहावा आणि शेजारी दुसरा ठेवून तुलना करावी. अहवाल स्वतंत्र प्रयोगशाळेचा असावा. दुकानाने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र म्हणजे वराने स्वतःच दिलेला आपल्या सद्‌वर्तनाचा दाखला होय. अहवालाचा क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. तो भिंगातून दाखवण्याचा आग्रह धरावा. सात बारीक हिरे मिळून अर्धा कॅरट भरले तर तो अर्ध्या कॅरटचा हिरा होत नाही आणि त्याची किंमतही तशी असता कामा नये. सोन्याचे निव्वळ वजन आणि हिऱ्याचे वजन पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे.

या सर्वांवर आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याने नवा पेच टाकला आहे. हा हिरा खोटा नाही. तोही शुद्ध कार्बनचाच स्फटिक आहे आणि नुसत्या डोळ्यांनी किंवा सराफाच्या भिंगानेही तो खाणीतल्या हिऱ्याहून वेगळा ओळखता येत नाही. केंद्र सरकारने २०२३ सालच्या अर्थसंकल्पात त्याच्या बीजावरील आयात शुल्क काढून टाकले आणि सुरतेसारख्या केंद्रांत या उद्योगाला बळ मिळाले. खाणीतल्या हिऱ्याच्या एका अंशाएवढ्या किमतीत तो मिळतो. मर्यादित खिशाच्या माणसाला ही संधी आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण त्याची किंमत टिकेल ही अपेक्षा धरू नये. डी बिअर्सने २०१८ साली असे हिरे कॅरटला ८०० डॉलर दराने विकावयास काढले. भाव कोसळत गेले आणि २०२५ साली तो व्यवसाय बंद करीत असल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. ज्याला केवळ सुंदर अंगठी हवी आहे त्याने हा हिरा आनंदाने घ्यावा. मात्र तो काय आहे हे जाणून घ्यावा आणि त्याचेच पैसे द्यावेत.

येथे प्रश्न गिऱ्हाइकाच्या शहाणपणापुरता राहत नाही. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक आवश्यक झाला. या सुधारणेने सामान्य माणसाचे मोठे हित झाले. परंतु हा शिक्का सोन्याची ग्वाही देतो, त्यात बसवलेल्या खड्याची नाही. दोन ग्रॅमहून हलका नग तर या सक्तीतूनही सुटतो आणि नाजूक अंगठी नेमकी तेवढीच असू शकते. अंगठीत सर्वाधिक किंमत ज्या वस्तूची, तिच्यावर सक्तीची कोणतीच मोहोर नाही, ही स्थिती योग्य म्हणता येणार नाही. ठरावीक वजनापुढील प्रत्येक हिऱ्याबरोबर स्वतंत्र अहवाल द्यावा आणि तो खाणीतला की प्रयोगशाळेतला हे पावतीवर स्पष्ट लिहावे, असे बंधन कायद्याने घालण्यात प्रामाणिक व्यापाऱ्याचे काहीच नुकसान नाही. फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, हे खरे. पण तेथे पावती बोलते, तोंडी भरवसा बोलत नाही. सराफ बाजाराची पुण्याई पिढ्यानपिढ्यांच्या विश्वासावर उभी आहे. तो विश्वास कागदावर उतरवण्यास व्यापाऱ्यांनीच पुढाकार घेतला तर कायद्याची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

तोवर गिऱ्हाइकाने आपल्या मोहाला आवर घातलेला बरा. साखरपुड्याला जमलेले नातेवाईक हिरा किती कॅरटचा, हे हटकून विचारतील. त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी कर्ज काढणे म्हणजे संसाराची सुरुवात दुसऱ्याच्या डोळ्यांनी करणे होय. नासक हिऱ्याने निम्मे वजन गमावले, म्हणून त्याची प्रतिष्ठा गेली नाही. लहान परंतु नीट घडलेला, कागदपत्रांसह घेतलेला आणि रोख पैशांत चुकता केलेला हिरा बोटावर असेल, तर लग्नानंतर पहिल्या महिन्याचा पगार हाती येईल तेव्हा तो सगळाच्या सगळा त्या दोघांचा असेल.