टायफॉइड म्हणे! कुत्र्याच्या गोचिडीबद्दल कुणी विचारलंच नाही

माझा भाचा आठ वर्षांचा. मागच्या दिवाळीच्या आधी आजारी पडला. ताप १०३ च्या खाली यायला तयार नाही. इथल्याच एका दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, विडाल पॉझिटिव्ह. झालं, टायफॉइड! पाच दिवस सलाइनमधून इंजेक्शनं, ताप जागच्या जागी. सहाव्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठली, अगदी तळहातावर आणि तळपायावरसुद्धा. बहीण म्हणाली, "दादा, आता इथं थांबायचं नाही." गाडी केली आणि जिल्ह्याला नेलं.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी पोराचे तळहात पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "घरी कुत्रं आहे का?"

आहे ना, मोत्या. पोरगं दुपारभर त्याच्या कानातल्या गोचिडी काढून दगडानं ठेचत बसायचं. आम्ही कौतुकानं बघायचो! मॅडमनी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. रिपोर्ट त्यानंतर आला. वेल-फेलिक्स चाचणीत ओएक्स-१९ वाढलेला. इंडियन टिक टायफस, म्हणजे गोचीड ताप.

टायफॉइड आणि टायफस, नावं सख्ख्या भावांसारखी, पण जंतू वेगळे. टायफसचे रिकेट्सिया जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन बसतात. टायफॉइडला देतात ती नेहमीची इंजेक्शनं त्यांच्यावर चालत नाहीत. आणि विडालचं म्हणाल तर जुनं इन्फेक्शन किंवा घेतलेली लस यांच्यामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एका विडालवर टायफॉइड ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

वेल-फेलिक्स ही चाचणी १९१६ सालची, पहिल्या महायुद्धातली. स्वस्त आहे, पण बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. तिच्यापेक्षा भरवशाची आयजीएम एलायझा. पण तिच्या एका प्लेटमध्ये ९६ खाचे असतात. दोन-चार नमुन्यांसाठी किट फोडायचं कसं, म्हणून लॅब नमुने साठण्याची वाट बघते. इकडे पेशंट तापानं फणफणतोय. शिवाय रक्तात अँटिबॉडी दिसायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशीचं रक्त निगेटिव्ह येणारच. सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर कामी येते, पण ती तालुक्याला कुठली?

हा काही आमच्या घरचाच प्रश्न नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसनं माणसं गेली, आठवत असेल. तो गोचिडीचा नाही, गवतातल्या चिगर माइटचा. पण घराणं जवळचं, औषध तेच, रिपोर्टची रडकथाही तीच. वावरात निंदायला जाणाऱ्या बाया, धुऱ्यावर बसणारे गुराखी, हेच त्याचे गिऱ्हाईक. अंगावर कुठं सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सगळ्यांना येत नाही.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, पत्रकारसाहेब, एरवी तुम्हीच लिहिता की रिपोर्टशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. बरोबर, लिहितो. पण इथं चुकीच्या रिपोर्टवर चुकीचं अँटिबायोटिक चालू आहे, त्याचं काय? संशय आला की रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन सुरू करा, हे आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. कॅप्सूल मिळते काही रुपयांना. (म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून खाऊ नका. पाच-सहा दिवस ताप हटत नसेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, घरी कुत्रं आहे, गुरं आहेत, वावरात जातो.)

प्रत्येक आरोग्य केंद्रात एलायझा मशीन बसवा, असली मागणी मी करत नाही. बसवलं तरी वर्षभरात त्यावर धूळ चढेल, आपल्याला माहीत आहे. पण ग्रामीण रुग्णालयातून नमुने जिल्ह्याला जाण्याचे आणि ते लावण्याचे वार ठरवता येतात. रिपोर्ट फोनवर कळवता येतो. मशीन लागत नाही त्याला.

सोमवारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दोन प्रश्न लेखी देतोय. या हंगामात आपल्या तालुक्यातून टायफससाठी किती नमुने गेले, आणि त्यांचे रिपोर्ट किती दिवसांनी आले? उत्तर मिळालं की इथंच टाकतो. मिळालं नाही तर तेही टाकतो.