रोपाला उसाचा डोस नको



पाऊस लागला की गट ऑफिसात एक तक्रार हटकून येते. "साहेब, बांधावर आंब्याच्या कोया लावल्या, झकास उगवल्या आणि महिन्याभरात करपल्या. कोयच वाईट होती." आम्ही बांधावर जाऊन पाहतो तो बुंध्याशी पांढरे दाणे अजून विरघळायचे असतात! उसाला टाकून उरलेली युरियाची मूठ रोपाला टाकली गेली, दुसरे काही नाही.

यात कुणाला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. पदविका घेऊन नोकरीला लागलो त्या वर्षी मळ्यातला जुना रायवळ आंबा वळवाच्या वादळात पडला. त्याच्या पाडाच्या कोया आईने लावल्या, तीन उगवल्या. नवी विद्या अंगात आलेली. आम्ही लगेच युरिया दिला. दोन रोपे गेली. आई काही बोलली नाही, पण तिसऱ्याला आम्हाला हात लावू दिला नाही. तेवढेच आज बांधावर उभे आहे.

हिशेब बघा. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, म्हणजे चौरस मीटरला 25 ग्रॅम. तेही लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत. युरियात नत्र 46 टक्के. 50 ग्रॅमची मूठ म्हणजे 23 ग्रॅम नत्र. मीटरभर जागेतल्या उसाचे सगळे नत्र आपण वीतभर मुळीच्या तोंडात एकदम कोंबतो. खताचे दाट पाणी मुळातलेच पाणी ओढून घेते, वर युरियातून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळीला सोसत नाही. पानांचे शेंडे आणि कडा आधी करपल्या की समजावे.

कोयीत रोपाची शिदोरी असते. तांबूस पाने हिरवी, जून होईपर्यंत ते त्यावरच भागवते. आमचे मत विचाराल तर पहिल्या पावसाळ्यात वरखत नकोच. घमेलेभर कुजलेले शेणखत आळ्यात मिसळा, पुरे. प्रेसमड ताजे टाकू नका, ते कुजताना तापते. पुढच्या जूनपासून चहाचा चमचाभर युरिया, बुंध्यापासून वीतभर लांब, ओलीवर आणि मातीआड. हा सल्ला कंजूषपणाचा वाटेल, पण शेजाऱ्याचे रोप युरियावर उंच गेले म्हणून भुलू नका; लुसलुशीत वाढलेले रोप वाऱ्याला टिकत नाही.

खतापेक्षा आळे तणमुक्त ठेवणे जास्त कामाचे. पाचट तर घरचेच आहे, जाळता कशाला? आळ्यावर चार बोटे थर द्या, बुंधा तेवढा मोकळा ठेवा.

आणि मूठ पडलीच असेल, तर कोयीला दोष देत बसू नका. दाणे दिसत असतील तर वरच्या मातीसकट काढून टाका, पाण्याचा निचरा होत असेल तर दोन-तीन दिवस भरपूर पाणी द्या, आणि आमच्या चिटबॉयला निरोप धाडा. पाने करपली तरी शेंडा हिरवा असेल तर रोप उपटू नका.

– ऊस विकास अधिकारी