शून्य रुग्णांचा तालुका

लसीकरणाच्या आढाव्यात अनेकदा असे घडते की गोवर, घटसर्प किंवा अचानक आलेला लुळेपणा ज्या तालुक्यातून कळवला गेला, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला आधी जाब विचारला जातो. ज्याच्या रकान्यात शून्य आहे, त्याचे काम दोन मिनिटांत उरकते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मुलांमधल्या साथरोगांच्या बाबतीत शून्य नोंदवणाऱ्या तालुक्याची चौकशी आधी व्हावी, कारण शोध घेतल्याचा पुरावा नसेल तर त्या शून्याला काहीच अर्थ नाही.

हे आपल्याला पोलिओने शिकवले आहे. 1997 मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. त्यातल्या डॉक्टरांनी दवाखान्यांना पोलिओचे निदान करायला कधीच सांगितले नाही. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला तर कारण काहीही वाटो, आम्हाला कळवा, एवढीच त्यांची मागणी होती. गिलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) यासारख्या आजारांनी असा लुळेपणा पोलिओ नसतानाही येतच असतो. म्हणून वर्षाला एक लाख मुलांमागे पोलिओ नसलेल्या लुळेपणाची किमान दोन मुले सापडली पाहिजेत, असा निकष ठरला. ज्या जिल्ह्यात या वयाची दहा लाख मुले आहेत तिथून वीस नावे यायला हवीत. चारच आली, तर उरलेली मुले कुठल्या तरी दवाखान्यात गेली आणि तिथून कोणी कळवले नाही, असेच समजायचे. सापडलेल्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान चोवीस तासांच्या अंतराने आणि लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यायचे, कारण पुढे विषाणू सापडण्याची शक्यता घटत जाते. मग ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. 2011 मध्ये देशभरात अशा पन्नास हजारांहून अधिक मुलांचा तपास झाला आणि जंगली पोलिओ एकाच मुलीत निघाला. पश्चिम बंगालमधल्या हावड्यात, 13 जानेवारीला लुळेपणा आलेली ती मुलगी जंगली पोलिओची या देशातली शेवटची रुग्ण ठरली. 27 मार्च 2014 रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला, तो नकारार्थी आलेल्या या हजारो तपासण्यांच्या बळावर. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकालाच लुळेपणा येतो, हे लक्षात घेतले तर एक मूल नजरेतून सुटणे किती महागात पडते ते कळेल.

लसीकरण पंचाण्णव टक्क्यांवर गेले असेल तर एवढी शोधाशोध कशाला, असे विचारले जाते. पण ही टक्केवारी अंदाजे धरलेल्या बालकसंख्येवर काढलेली असते. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातले बाळ गावच्या यादीत असते, राहते मात्र दूरच्या कारखान्याजवळच्या कोपीत. वीटभट्टीवर जन्मलेले बाळ कदाचित कोणत्याच यादीत नसते. अशी मुले आपल्या आकड्यांना दिसत नाहीत, गोवराला मात्र बरोबर सापडतात. 2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, शिवाय मालेगाव आणि भिवंडी इथे गोवर पसरला आणि मुले दगावली. कोविडच्या काळात किती डोस चुकले होते, ते तेव्हा उघड झाले. ताप आणि पुरळ आलेले प्रत्येक मूल वेळेवर कळवले गेले, तर लस न पोहोचलेली वस्ती पहिल्या एकदोन रुग्णांतच ओळखता येते. अंत्ययात्रा निघेपर्यंत थांबावे लागत नाही.

रुग्ण जाहीर केल्याने घबराट पसरते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण मोजले गेले, म्हणूनच संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. भीती तेव्हाही होती, पण रुग्ण मोजल्यामुळे तिला उत्तर शोधता आले. खासगी डॉक्टरांची तक्रार मला अधिक रास्त वाटते. त्यांनी फोन केला की पालकांच्या दारात कर्मचारी येऊन उभे राहतात, आणि तपासणीचे पुढे काय झाले ते मात्र डॉक्टरांना कोणी सांगत नाही. जो कळवतो त्याला अहवाल मिळालाच पाहिजे, तोही लवकर. कुटुंबाचे नाव गल्लीत फुटता कामा नये. एवढे सांभाळले तर दुसऱ्या वेळी फोन आपणहून येतो.

खर्चाचाही प्रश्न आहे. हजारो नमुने तपासून हाती काहीच लागत नाही, असे वाटू शकते. पण 2024 मध्ये मेघालयात दोन वर्षांच्या मुलातला, लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेला पोलिओ कळला, तो लुळेपणा कळवण्याची पद्धत चालू होती म्हणून. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात जंगली पोलिओ अजून आहे. या कामातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा पगार बराच काळ परदेशी देणग्यांवर अवलंबून राहिला, आणि पोलिओ मागे पडला तसा तो पैसा आटत चालला आहे. राज्याने ही पदे आपल्या आस्थापनेवर घ्यावीत आणि ती रिक्त ठेवू नयेत. जिल्हा आढाव्याच्या तक्त्यातही प्रत्येक तालुक्यापुढे एक रकाना वाढवावा: अपेक्षित किती, कळवले किती. लुळेपणाचा आणि ताप-पुरळाचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल, त्या तालुक्यातल्या दवाखान्यांच्या नोंदवह्या पुढच्या बैठकीआधी तपासल्या जाव्यात.