पाहुणा किती पिढ्यांचा?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. महालातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आम्ही चार म्हातारे फराळाला बसलो होतो. माझी नात नवा स्वेटर घालून मिरवत आली. कुठून घेतलास, असे एका स्नेह्यांनी विचारले. "तिबेट्यांच्या दुकानातून," ती म्हणाली. झाले! स्नेह्यांनी हातातली चकली ताटात ठेवली. "दर हिवाळ्यात हे येणार आणि आपल्या दुकानदारांच्या पोटावर पाय देणार! अहो, पाहुण्याने किती दिवस राहावे?"

हा सूर माझ्या ओळखीचा आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना याच ओसरीवर तो ऐकला होता. तेव्हा तो सिंध्यांविषयी होता. १९४७ च्या फाळणीत घरदार मागे टाकून आलेली ती माणसे खांद्यावर कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार फिरत. माझी आजी घासाघीस करून दोन आणे कमी करून घेई आणि विकणारा दाराबाहेर पडला की म्हणे, "आता बाजार यांचाच होणार!" म्हणजे स्वस्त कापड हवे, विकणारा मात्र नको.

आज जरीपटक्यात जाऊन पाहा. नाव मराठ्यांच्या निशाणाचे आणि पेठ सिंध्यांची! त्यांना आता कोणी निर्वासित म्हणत नाही. हे त्यांच्या कष्टाने झाले, यात शंका नाही. पण कष्टालाही पाय टेकायला जागा लागते. ती जागा कायद्याने दिली. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना राज्यघटनेने नागरिक मानले, मागून आलेल्यांसाठी नोंदणीची वाट ठेवली. १९५४ साली नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. आपण त्यांना पाहुणे ठेवले नाही, घरचे केले. म्हणून एका पिढीत ते उभे राहिले.

पाहुणचारात आपण कधीच कमी पडलो नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातून, इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने १९४३ ते १९४८ आसरा दिला. ते पुढे आपापल्या वाटेने गेले. त्यांना पाहुणे म्हणणे शोभते.

पण ज्याला जायला वाटच उरली नाही, त्याचे काय? १९५९ साली ल्हासातला उठाव चिनी फौजेने मोडला, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावाजवळ १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. त्यांना जमीन मिळाली, शाळा मिळाली. त्याबद्दल आपली पाठ आपण जरूर थोपटावी. पण तिथेच आपण थांबलो.

२६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच नागरिक आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. त्यानंतर परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल मात्र याच मातीत जन्मून परदेशीच. निर्वासितांसाठी वेगळा कायदा आपण आजवर केलेला नाही. १९५१ च्या जागतिक करारावरही आपली सही नाही. म्हणजे सारा कारभार सरकारच्या मर्जीवर. मर्जी आज चांगली आहे. पण मर्जीवर कोणी घर बांधते का?

दुकानदारांचे थोडे नुकसान होते, हे मी नाकारत नाही. पण ते स्वेटर काही ल्हासाहून येत नाहीत, बहुतेक लुधियान्याहून येतात; तो पैसा देशातच फिरतो. कोणी म्हणेल, त्यांनाच मायदेशी परतायचे आहे. ज्यांना ती आस आहे, त्यांनी खुशाल नागरिकत्व घेऊ नये. पण जो मागेल त्याच्यासाठी दार उघडे हवे, आणि ते कायद्याने उघडे हवे.

माझ्या नातीला तो स्वेटर दाखवणारी मुलगी तिच्याच वयाची होती. गोठणगावाकडेच जन्मलेली, भाव मराठीतून सांगणारी. माझ्या नातीला जन्माचा दाखला जन्मभर पुरेल; त्या मुलीला आपली नोंदणी मुदत संपली की नवी करून घ्यावी लागेल. तिचा गुन्हा कोणता? आजोबा जीव वाचवून आले, हाच ना?

मी स्नेह्यांना विचारले, "तुमचे घराणे महालात केव्हा आले?"

"भोसल्यांबरोबर," ते ताठ बसून म्हणाले.

"म्हणजे तुम्हीही बाहेरचेच! हे नगर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शाहाने. तुमचे पूर्वज चाकरीसाठी आले, तरी घरचे झाले. हे जीव घेऊन पळत आले, आणि तिसऱ्या पिढीतही पाहुणेच?"

स्नेही काही बोलले नाहीत. ताटातली चकली मात्र त्यांनी उचलली.

वाचकहो, यंदा स्वेटर घेताना दोन पैसे कमी करा, नाहीतर करू नका. पण मत मागायला कोणी दारात आला, तर त्याला एवढे जरूर विचारा : निर्वासितांचा कायदा केव्हा करणार?